नव्या रॅकचा मध्य

स्टिअरिंग रॅक बदलला की खड्ड्यांवरची कटकट थांबते, हाताला जाणवणारा ढिलेपणा जातो, आणि पुष्कळदा एक नवीन खोड मागे राहते. गाडी सरळ धावते, पण स्टिअरिंग एका बाजूला कललेलं असतं. यावर गॅरेजमध्ये झटपट उपाय तयार असतो. स्टिअरिंगच्या मधला मोठा नट काढायचा, स्टिअरिंग उपसायचं, एक-दोन दाते फिरवून परत बसवायचं. दिसायला सगळं सरळ होतं आणि गाडीमालक समाधानानं घरी जातो. हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी हातापासून चाकापर्यंतची सगळी साखळी एकदा शांतपणे बघावी लागते.

आपल्याकडे सर्वाधिक दिसणारी गाडी उदाहरणाला घेऊ: पुढच्या चाकांवर चालणारी छोटी हॅचबॅक. स्टिअरिंगखाली कॉलमचा दांडा असतो. त्याच्या खालच्या टोकाला युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला गॅरेजात क्रॉस म्हणतात, तो पायाजवळून खाली उतरून रॅकच्या पिनियनला जोडलेला असतो. पिनियन म्हणजे छोटं दातेरी चाक. ते फिरलं की दात्यांची लांब पट्टी, म्हणजे रॅक, डावी-उजवीकडे सरकतो. रॅकच्या दोन्ही टोकांना रॅक एंड, त्यावर आट्यांनी बसलेला टाय रॉड एंड, आणि तो चाकासह वळणाऱ्या नकलला बॉल जॉइंटने जोडलेला. या साखळीत ‘मध्य’ एकच खरा, आणि तो रॅकचा. बाकी सगळं त्या मध्याशी जुळवून घ्यायचं असतं. स्टिअरिंग हे साखळीचं सगळ्यात वरचं टोक. कललेलं तेच दिसतं, म्हणून सगळे तिथेच हात घालतात. काम मात्र खालून वर न्यायचं असतं.

रॅक मध्यावर नसला तर बिघडतं काय? पहिली गोष्ट, गाडी एका बाजूला जास्त वळते आणि दुसऱ्या बाजूला कमी. शहरात हे फारसं लक्षात येत नाही, पण आंबेनळीसारख्या घाटात, किंवा अरुंद गल्लीत गाडी फिरवताना, एका बाजूला वळायला रस्ता पुरेनासा होतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रॅकच्या दोन टोकांचे बॉल जॉइंट खालच्या आर्मच्या हिशेबाने दोन्हीकडे सारख्या जागी यावेत, अशी गाडीची आखणी केलेली असते. चाक खड्ड्यात खाली गेलं किंवा उंचवट्यावर वर आलं, की टाय रॉड आणि आर्म आपापल्या कमानीत फिरतात. रॅक एकीकडे सरकलेला असेल तर दोन बाजूंच्या कमानी सारख्या राहत नाहीत, आणि उंचसखल रस्त्यावर गाडी आपोआप थोडी थोडी दिशा बदलत राहते. चालकाला वाटतं टायर खराब झालेत. शिवाय इंडिकेटर आपोआप बंद करणारी खिटी स्टिअरिंगबरोबर फिरते. मध्य चुकला की इंडिकेटर एका बाजूला लवकर बंद होतो आणि दुसऱ्या बाजूला होतच नाही. घसरण आवरणारी ईएसपी यंत्रणा असलेल्या गाडीत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो. गाडी सरळ जात असताना त्याला वळण दिसत राहिलं, तर दिवा पेटतो किंवा ब्रेक नको तेव्हा हस्तक्षेप करू शकतात.

आता काम. जुना रॅक काढण्याआधी चाकं सरळ करून, पुढची बाजू जॅकने उचलून गाडी पक्क्या स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. बॅटरीची ऋण तार काढायची आणि एअरबॅगसाठी कंपनीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबायचं. कॉलमचा दांडा आणि क्रॉस यांवर एका रेषेत रंगाची खूण करायची.

यानंतरची पायरी लोक गाळतात आणि तिथेच मोठा खर्च उभा राहतो. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग नावाची डबी असते. तिच्यात शिंप्याच्या टेपसारखी गुंडाळलेली चपटी तार असते आणि तिच्यातून एअरबॅग, हॉर्न आणि स्टिअरिंगवरच्या बटणांचा वीजप्रवाह जातो. ही तार मधल्या जागेपासून दोन्हीकडे साधारण अडीच फेरे फिरू शकते. रॅक जोडलेला असतो तोवर स्टिअरिंगच दोन्हीकडे पावणेदोन फेऱ्यांच्या आसपास थांबतं, त्यामुळे तारेला धोका नसतो. रॅक सुटला की स्टिअरिंगला थांबवणारं काही उरत नाही. कुणी सहज बसून ते फिरवलं, की तार तुटते. किंवा त्याहून वाईट, तुटत नाही पण एक फेरा पुढे जाऊन बसते, आणि काम संपल्यावर पहिल्याच पूर्ण वळणावर तुटते. एअरबॅगचा दिवा पेटतो, हॉर्न बंद पडतो आणि सगळे नव्या रॅकला दोष देतात. म्हणून क्रॉस सोडण्यापूर्वी स्टिअरिंग सरळ धरून ते सीटबेल्टने किंवा दोरीने बांधून टाकायचं. किल्ली काढून लागणाऱ्या लॉकवर विसंबायचं नाही. ते लॉक ठरावीक जागीच बसतं आणि ती जागा बरोबर मध्यावरची असेलच असं नाही.

जुन्या रॅकवरच्या खुणा नव्या रॅकला किती उपयोगी? कॉलम आणि क्रॉस यांच्यातली खूण उपयोगी आहे, कारण ते दोन्ही भाग तेच राहतात. पण क्रॉस आणि पिनियन यांच्यातली जुनी खूण डोळे झाकून उतरवू नये. नव्या रॅकमध्ये पिनियनचे दाते आणि वरच्या टोकावरच्या स्प्लाइनचे दाते यांची सांगड एखाद्या दात्याने वेगळी असू शकते. शिवाय जुनी जोडणी मुळात बरोबर होती हे कशावरून? आधी कुणी काय करून ठेवलंय ते माहीत नसतं. नव्या रॅकचा मध्य नव्याने शोधायचा.

तो शोधणं अवघड नाही, फक्त घाई नको. रॅक टेबलावर ठेवून पिनियनच्या दांड्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावायचा. पिनियन हळूहळू एका टोकापर्यंत फिरवायचं, मग उलटं दुसऱ्या टोकापर्यंत, फेरे मोजत. समजा सव्वातीन फेरे भरले. त्याचा निम्मा भाग, म्हणजे एक फेरा आणि आणखी पाच-अष्टमांश, इतकं परत आलं की मध्य. पडताळणीसाठी दुसरी मोजणी करावी. रॅकचा एका बाजूचा बाहेर आलेला भाग दोन्ही टोकांवर मोजायचा. समजा एका टोकाला २० मिलिमीटर बाहेर राहिला आणि दुसऱ्या टोकाला १६० मिलिमीटर, तर मध्य ९० मिलिमीटरवर. एकाच बाजूने मोजायचं कारण असं की काही रॅकचं घर दोन्हीकडे सारख्या लांबीचं नसतं. दोन बाजूंचे बाहेर आलेले भाग ‘सारखे करून’ मध्य काढला तर तिथे फसगत होते. दोन्ही मोजण्या एकाच जागी आल्या की पिनियनचा दांडा आणि घर यांवर पांढऱ्या रंगाची एक रेष. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा रॅक असेल तर पिनियन जोरात फिरवू नये, आतलं तेल नळ्यांच्या तोंडातून उडतं.

मध्यावर आणलेला रॅक गाडीत बसवताना तो हलता कामा नये. रबरी बुश नीट बसले का, क्लॅम्प सरळ आहेत का, हे पाहून बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळायचे. मग क्रॉस पिनियनवर. काही गाड्यांत पिनियनच्या दांड्याला एक बाजू चपटी असते किंवा एक दाता गाळलेला असतो, त्यामुळे क्रॉस एकाच प्रकारे बसतो. ते सोपं. जिथे तो कुठल्याही दात्यावर बसू शकतो, तिथे हिशेब येतो. स्प्लाइनला समजा ३६ दाते आहेत. एक दाता म्हणजे १० अंश, आणि ३७ सेंटीमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेला हेच १० अंश सव्वातीन सेंटीमीटर दिसतात. म्हणजे एका दात्याची चूक डोळ्याला लगेच दिसते. पण स्टिअरिंग अगदी सरळ आणि रॅक अगदी मध्यावर, असा दाता नेमका मिळेलच असं नाही. सगळ्यात जवळचा दाता निवडला, तरी जास्तीत जास्त अर्ध्या दात्याचा, म्हणजे ५ अंशांचा फरक उरू शकतो. हा उरलेला फरक टाय रॉडमधून काढायचा असतो. त्याहून मोठा फरक असेल तर टाय रॉडला हात न लावता परत क्रॉसकडे जायचं.

क्रॉसच्या बोल्टविषयी जरा थांबून सांगायला हवं. हा बोल्ट पिनियनवरच्या खाचेतून जातो. क्रॉस पूर्ण खाली बसला नसेल तर बोल्ट अडतो. अशा वेळी हातोडा मारून तो आत घालणारे आहेत. असं कधीही करू नये, कुणाला करू देऊ नये. संपूर्ण गाडीची दिशा त्या एका बोल्टवर आहे. तो शक्यतो नवा वापरावा आणि टॉर्क रेंचने आवळावा.

टाय रॉड दोन्हीकडे सारख्या लांबीचे करणं हे पुढचं काम. जुना टाय रॉड एंड सोडताना तो किती फेऱ्यांत निघाला हे मोजून नव्यावर तितकेच फेरे द्यायचे, ही रीत बरी आहे, पण नव्या रॅक एंडची लांबी थोडी वेगळी असेल तर फसते. त्यापेक्षा जुना आणि नवा रॅक शेजारी ठेवून, दोन्ही मध्यावर आणून, बसवण्याच्या भोकापासून बॉल जॉइंटच्या पिनेपर्यंतचं अंतर जुळवावं. गाडी अलाइनमेंटपर्यंत हळू नेण्याइतकं एवढं पुरतं. हायड्रॉलिक असेल तर त्याआधी तेल भरून, चाकं उचललेली असताना, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढायची, आणि मग इंजिन चालू करून पुन्हा.

अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी चढली की गोष्ट रंजक होते. दोन्ही पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत असतील तर टो-इन, बाहेर असतील तर टो-आउट. कामगार सहसा एकूण टो बघून समाधान मानतात. पण कललेल्या स्टिअरिंगचं उत्तर एकूण आकड्यात नसतं, ते डाव्या आणि उजव्या चाकाच्या वेगवेगळ्या आकड्यांत असतं. गाडी सरळ धावताना पुढची दोन्ही चाकं एकूण टो आपसात निम्मा-निम्मा वाटून घेतात. समजा स्टिअरिंग सरळ धरल्यावर डावं चाक एका दिशेला जास्त आणि उजवं तितकंच त्याच दिशेला वळलेलं आहे. एकूण बरोबर येईल, टायरही झिजणार नाहीत, पण रस्त्यावर आल्यावर चाकं आपली वाटणी करतील आणि त्यासाठी स्टिअरिंगला कलावं लागेल. म्हणून आधी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडं दोन्हीकडे हलवायचं, बरोबर सरळ आणायचं, क्लॅम्पने धरून ठेवायचं, आणि मगच एकेका बाजूचा टो कंपनीच्या आकड्यावर आणायचा. स्टिअरिंग क्लॅम्प न लावता काम सुरू करणाऱ्याला मी तिथेच थांबवीन.

रॉडच्या एका फेरीने किती फरक पडतो? समजा आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर आहे, आणि चाक ज्या अक्षावर वळतं तिथपासून बॉल जॉइंटपर्यंत १२५ मिलिमीटर आहेत. एक पूर्ण फेरी चाकाला सुमारे ०.७ अंश वळवते. स्टिअरिंग आणि चाक यांचं प्रमाण १६ ला १ धरलं, तर स्टिअरिंगवर हेच ११ अंश. म्हणजे मघाचा ५ अंशांचा उरलेला फरक दोन्ही रॉडच्या साधारण अर्ध्या-अर्ध्या फेरीत निघतो. एका बाजूला जितका आत, दुसऱ्या बाजूला तितकाच बाहेर. एकाच बाजूचा रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करणं हा मोठा घोटाळा. एका फेरीने एकूण टो ५८० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर तब्बल ७ मिलिमीटरनं बदलतो. अशा छोट्या गाडीला बहुधा शून्याच्या आसपास एक-दोन मिलिमीटरच चालतात. टायरची कड काही महिन्यांत करवतीसारखी होते.

कुठला रॉड आत आणि कुठला बाहेर, हे रॅक अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे यावर ठरतं. आपल्या उदाहरणातल्या गाडीत तो मागे आहे. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग उजवीकडे कललेलं असेल, तर उजवा रॉड आखूड करायचा आणि डावा तितकाच लांब. डावीकडे कललेलं असेल तर उलट. रॅक पुढे असलेल्या गाड्यांत सगळं उलट होतं. रॉड फिरवण्यापूर्वी रबरी बुटाची बाहेरची छोटी क्लिप सैल करायला विसरू नये. नाहीतर बूट रॉडबरोबर पिळला जातो, पिळ्यावर फाटतो, आणि पहिल्या पावसाळ्यात पाणी आत शिरतं. कोकणातल्या गाड्यांचे कित्येक रॅक असेच, फाटक्या बुटातून गेलेल्या पाण्याने गंजून जातात. पाच-दहा सेकंदांची ही काळजी आहे.

काम झालं, गाडी रस्त्यावर आली आणि तरीही स्टिअरिंग कललेलं आहे, किंवा दुसऱ्या गॅरेजचं काम तपासायचं आहे, असं असेल तर पुढची तपासणी फार उपयोगाची आहे. सपाट जागी गाडी सरळ चालवत आणून, स्टिअरिंग आहे तसंच ठेवून थांबवायची. मग पुढची चाकं उचलून, तिथपासून डावीकडच्या टोकापर्यंत किती फिरतं ते अंशांत मोजायचं, परत त्याच जागी आणून उजवीकडे मोजायचं. बहुतेक छोट्या गाड्यांत हा थांबा रॅकमध्येच असतो, म्हणून ही मोजणी रॅकविषयी खरं सांगते. दोन्हीकडे सारखं भरलं आणि तरी स्टिअरिंग कललेलं असेल, तर रॅक मध्यावर आहे. चूक वर, स्प्लाइनच्या दात्यात. फक्त याच वेळी दाता बदलणं योग्य. दोन्हीकडे सारखं भरलं नाही, आणि फरक कलाच्या दुप्पट निघाला, उदाहरणार्थ कल २० अंशांचा आणि फरक ४० अंशांचा, तर वरचं सगळं ठीक आहे. चूक खाली, टाय रॉडमध्ये. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट: स्टिअरिंग अगदी सरळ दिसतं, पण दोन बाजूंची मोजणी वेगळी येते. म्हणजे टाय रॉडमधली चूक कुणीतरी स्टिअरिंग उपसून झाकली आहे. सुरुवातीला सांगितलेल्या झटपट उपायाचं हे फळ. अशा गाडीचं सगळं काम पुन्हा रॅकच्या मध्यापासून करावं लागतं, आणि क्लॉक स्प्रिंगचा मध्यही पुस्तकात पाहून तपासावा लागतो. 

या सगळ्याआधी एक खात्री करून घ्यावी: त्रास खरोखर कललेल्या स्टिअरिंगचाच आहे ना? हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर ते वेगळं दुखणं आहे. टायरची हवा, टायरची घडण, अडकलेला ब्रेक, कास्टर (चाकाच्या वळणाच्या अक्षाचा पुढे-मागे कल) यांत त्याचं मूळ शोधावं. शिवाय आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधून कडेकडे उतरते केलेले असतात. डाव्या बाजूने चालताना गाडी डावीकडे उतरू पाहते आणि चालक नकळत स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरतो. एक-दोन अंशांचा असा कल रस्त्याचा असतो, रॅकचा नसतो. म्हणून परीक्षा सपाट जागेवर घ्यावी. मागचा अ‍ॅक्सल अपघातात तिरका झाला असेल तर मात्र फक्त पुढची चाकं बघून कितीही मेहनत करा, स्टिअरिंग सरळ राहणार नाही. पुढची चाकं मागच्या चाकांची दिशा पकडूनच चालतात. चारही चाकांचं मोजमाप करणाऱ्या यंत्रावर हे लगेच दिसतं, म्हणून फक्त पुढचं अलाइनमेंट करून घेऊ नये.

यंत्र जवळपास नसेल, तर तालुक्याच्या गावात दोरीनेही काम भागतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर ताणलेल्या दोऱ्या, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकींना समांतर. मागच्या आणि पुढच्या चाकांमधल्या अंतरात फरक असेल तर तो हिशेबात धरून दोऱ्या लावायच्या, आणि मग पुढच्या रिमची पुढची कड व मागची कड दोरीपासून किती अंतरावर आहे ते पट्टीने मोजायचं. दोन्ही बाजूंना वेगवेगळं मोजता येतं, हा या पद्धतीचा मोठा गुण. जुन्या मिस्त्रींचा हात यात इतका बसलेला असतो की त्यांनी लावलेल्या गाडीचं यंत्रावर क्वचितच काही बदलावं लागतं.

सगळ्यात शेवटी स्टिअरिंग सरळ असताना कोनाच्या सेन्सरला स्कॅनरने शून्य शिकवायचं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये टॉर्क सेन्सरचीही तशीच नोंद काही गाड्यांना लागते. हे अलाइनमेंटच्या आधी केलं तर वाया जातं. टाय रॉडचे लॉक नट आवळल्यावर त्यांवर रंगाची रेष ओढावी. चार-पाचशे किलोमीटर चालल्यावर नव्या रॅकचे बुश बसतात, तेव्हा एकदा गाडीखाली जाऊन त्या रेषा जागच्या जागी आहेत का, क्रॉसचा बोल्ट घट्ट आहे का आणि बूट कुठे पिळला तर नाही ना, हे पाहून घ्यावं.